स्टेपनीची हवा

३ फेब्रुवारी

दादा,

वर मायना घातलेला नाही. 'तीर्थरूप' लिहिलं तर तू हसशील, 'प्रिय' लिहिलं तर वहिनी हसेल, म्हणून नुसतं दादा.

पत्राचं कारण तांत्रिक आहे. आमच्या कारखान्यात नवं मॉडेल बाजारात गेलं की विभागातल्या लोकांना एकेक गाडी महिनाभर वापरायला देतात. महिना संपला की ती ठेवायची की परत करायची ते कळवायचं. मला एक तारखेला मिळाली. पांढरी. अठ्ठावीस तारखेपर्यंत उत्तर द्यायचं आहे. हे तेच मॉडेल, ज्यात स्टेपनी नाही. डिकीतल्या खड्ड्यात चाकाच्या जागी फोमचा साचा आहे. त्यात पंक्चर बुजवायच्या द्रवाची बाटली आणि हवा भरायचा छोटा पंप. बाकी काही नाही.

या विषयावर तू पूर्वी बोललेला आहेस. तेव्हा मी नीट उत्तर दिलं नाही. आता मीच विचारते. अशी गाडी स्वतःची म्हणून ठेवावी का? टायरमधलं तुझ्याइतकं कळणारं माणूस माझ्या ओळखीत नाही. आमच्या विभागात नऊ जण आहेत आणि त्यांतल्या दोघांनीच आजवर स्वतःच्या हाताने चाक बदललेलं आहे.

दुसरी गोष्ट. आई महिनाभर माझ्याकडे राहायला येणार आहे, ते तुला माहीत असेलच. मी आता तळमजल्यावर घर घेतलं आहे, एकही पायरी नाही. गुडघ्यांमुळे तिला बस चढवत नाही, म्हणून हीच गाडी घेऊन मी तिला न्यायला येणार होते. काल वहिनीचा फोन आला. म्हणाली, "हे म्हणतात, आई त्या गाडीत बसणार नाहीत."

मी विचारलं, "आई काय म्हणते?"

तर मागून आईचाच आवाज आला. "मी कशात बसायचं ते मला विचारलंय का कोणी?"

फोनवर तू 'हं' म्हणतोस आणि त्या 'हं'चा अर्थ मला लावता येत नाही. म्हणून पत्र. उत्तर एका ओळीत दिलंस तरी चालेल.

तुझी बहीण


९ फेब्रुवारी

दादा,

उत्तर मिळालं. दुकानाच्या पॅडचा कागद आणि मधोमध चार शब्द, 'साइड कापली गेली तर?' सही नाही, अंगठ्याचा काळा ठसा आहे. सहीपेक्षा तोच लवकर ओळखू आला.

तर काही करता येत नाही. बाटलीतला द्रव टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागातलं चार मिलिमीटरपर्यंतचं भोक बुजवतो. टायरच्या बाजूला चीर गेली तर गाडी जागीच उभी करायची आणि मदतीच्या नंबरावर फोन करायचा. आमच्या नोंदींप्रमाणे शंभर पंक्चरांत अशी सात किंवा आठ निघतात.

हा निर्णय कसा झाला ते मी तुला कधी सांगितलं नाही. सर्व्हिसिंगला आलेल्या अकराशे चाळीस गाड्यांच्या स्टेपन्या आम्ही तपासल्या. पहिल्या दोनशे मी एकटीने. एका रिमच्या खोबणीत कोळ्याचं जाळं होतं, एकीत कुणाच्या तरी लहान मुलाचा डावा बूट सापडला. चारशे त्र्याहत्तर स्टेपन्यांत असायला हवी त्याच्या निम्मीसुद्धा हवा नव्हती. म्हणजे शंभरातल्या एक्केचाळीस. जॅक आणि पान्यासकट हे ओझं साडेसतरा किलोंचं. अहवालात मी लिहिलं, 'ग्राहक स्टेपनी बरोबर नेत नाही, ती असल्याचा समज बरोबर नेतो.' साहेबांना वाक्य आवडलं. ते पहिल्या पानावर गेलं, आणि स्टेपनी गेली.

आपल्या घरी तसं नव्हतं. बाबा भाड्याने चालवायचे त्या गाडीला चार चाकं आणि एक स्टेपनी असा हिशेबच नव्हता, पाच चाकं होती. महिन्याच्या पहिल्या रविवारी पाचही चाकांची पाळी बदलायची. डिकीतलं चाक बाहेर रस्त्यावर यायचं आणि इतके दिवस पळालेलं एक चाक डिकीत विश्रांतीला जायचं. बाबा म्हणायचे, "आपल्या गाडीत बसून खाणारं कोणी नको." तू माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचास, "मग हिलाही जॅकवर चढवा."

रिमच्या आतल्या बाजूला खडूने आकडे लिहिलेले असायचे, एक ते पाच. तो खडू तू शाळेतून आणायचास. साबणाच्या पाण्याची बादली, व्हॉल्व्हपाशी फुटणारे बुडबुडे, ऊन चढलं की रबराचा वास. त्या वासाने अजूनही मला भूक लागते, हे मी विभागात कुणाला सांगितलेलं नाही. आई खिडकीतून ओरडायची, "जेवायला येताय की तिथेच टायर वाढू?" बाबा म्हणायचे, "दोन वाढ, हवा बघून."

वही माझ्याकडे होती. पाच रकाने. सुरुवातीला तू हवा मोजायचास आणि मी लिहायचे. नंतर मी हट्ट धरला की काटा स्वतः पाहिल्याशिवाय लिहिणार नाही. तू "बत्तीस" म्हणालास की मी म्हणायचे, "साडेएकतीस." तू बाबांना हाक मारलीस, "बाबा, ही मोजपट्टी बघा तुमची." तेव्हापासून मी मोजपट्टी. त्या नावाने हाक मारलेली दोन वर्षांत ऐकलेली नाही. तक्रार नाही, नोंद आहे.

तुझ्या परीक्षेचा दिवसही आठवतो. तू सतराचा, मी नऊची. डिप्लोमाची प्रवेश परीक्षा, पहिला पेपर आराखड्याचा. बाबा तुला घेऊन निघाले आणि सुट्टी होती म्हणून मीही चढले. तू पुढे बसला होतास, पांढरा शर्ट, मांडीवर ड्रॉइंग बोर्ड. घरापासून चाळीस किलोमीटरवर मागचं डावं चाक बसलं. बाबांनी दहा मिनिटांत स्टेपनी चढवली, जॅक उतरवला आणि गाडी त्या चाकावर रिमपर्यंत खाली आली. स्टेपनीत हवा नव्हती. तपासायची राहिली होती. बाबांनी तुझ्याकडे पाहून विचारलं, "बघितली होतीस?" तू म्हणालास, "राहिली." त्यांनी पुढे काही विचारलं नाही. एका ट्रकवाल्याने चाक नेऊन हवा भरून आणून दिलं. आपण पोहोचलो तेव्हा अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती आणि गेट साडेदहालाच बंद झालं होतं.

दोन महिन्यांनी तू टायरच्या दुकानात जायला लागलास.

गाडीबद्दल तुझं मत अजून कळलेलं नाही.


१४ फेब्रुवारी

दादा,

तुझं दुसरं उत्तर आलं. 'आणि उरलेल्या एकोणसाठांचं काय?'

हा प्रश्न अहवाल वाचणाऱ्या सोळा माणसांपैकी एकानेही विचारला नव्हता. त्यांच्या स्टेपनीत हवा होती. त्यांनी ती तपासली होती, आणि मी ती काढून घेतली. दोन दिवस विचार केला. अहवाल काढून पाहिला, एकोणसाठ हा आकडा त्यात कुठेच नाही.

दोन वर्षांपूर्वी जेवताना झालं ते मला असं आठवतं. तू बाजारात यायच्या असलेल्या या गाडीचं आगाऊ माहितीपत्रक आणलं होतंस. पानं उलटत म्हणालास, "स्टेपनीच नाही यात. कोण शहाणा आहे हा?" मी म्हटलं, "मी." तू आधी हसलास. मी हसत नाही म्हटल्यावर थांबलास. मग तू म्हणालास, "स्टेपनी काढणारा माणूस जन्मात कधी रस्त्यात उभा राहिलेला नसतो."

मी म्हटलं, "तुला दुकानाची काळजी आहे, गाडीची नाही."

वहिनी भाताचं पातेलं घेऊन उभी होती, ती तशीच परत आत गेली. मी रविवारपर्यंत राहणार होते, दुसऱ्या दिवशी सकाळीच निघाले. आईने विचारलं, "काय गं, एवढ्यात?" मी म्हटलं, "काम आहे." तेही खोटं होतं.

माझं वाक्य वाईट होतं. ते बोलता बोलताच मला कळलं होतं. पण ते का आलं, ते मी सांगितलं नाही. मी रस्त्यात उभी राहिलेली होते, दादा. तुझ्या शेजारी उभी होते. तुला ते आठवत नव्हतं, की आठवत असूनही तू तसं म्हणालास, हे मला ठरवता येईना.

आईच्या प्रवासाचं काय करायचं ते कळव. माझ्या हातात चौदा दिवस आहेत.


१५ फेब्रुवारी

दादा,

कालचं पत्र टाकून आले. आज दुसरं लिहिते आहे, कारण नऊ तारखेच्या पत्रातलं एक वाक्य चुकीचं आहे. आमच्याकडे अहवालात चूक सापडली तर मूळ मजकूर खोडत नाहीत. दुरुस्तीचा वेगळा कागद जोडतात. हा तो कागद.

मूळ वाक्य: 'तपासायची राहिली होती.'

दुरुस्त वाक्य: मी तपासली नाही, आणि तपासली असं लिहिलं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी तू टेबलाशी बसून रेघा मारत होतास. मला म्हणालास, "मोजपट्टी, आज हवा तू एकटीच बघ. मला जमणार नाही." एकटीच. माझी छाती फुगली. हवा मोजायचं गेज घेऊन मी खाली गेले. चार चाकं मोजली, दोनदोनदा. पाचवं डिकीत होतं, आणि डिकीत कुठल्याशा गिऱ्हाइकाच्या चार गोण्या होत्या, त्यावर ताडपत्री, त्यावर बाबांचा पाण्याचा कॅन. एक गोणी मी ओढून पाहिली. हलली नाही. वर येऊन तुला सांगितलं असतं तर तू पेन्सिल ठेवून आला असतास. पण मग एकटीने केलं असं झालं नसतं.

त्या चाकात नेहमी बत्तीस असायची. मी चार आकडे मोजले आणि पाचवा लिहिला.

गाडी रिमवर बसली तेव्हा मी रेघा मारायचा तुझा टी-स्क्वेअर धरून रस्त्याच्या कडेला उभी होते. वही पुढच्या कप्प्यात होती. बाबांनी ती उघडली असती तर तिथे माझ्या अक्षरात बत्तीस होतं. तू "राहिली" म्हणालास. मी काही म्हणाले नाही. पुढे अठरा वर्षं म्हणाले नाही. बाबा गेले तेव्हाही त्यांच्या डोक्यात हेच होतं की परीक्षेच्या आदल्या दिवशी तू हवा बघायला विसरलास.

मी कॉलेजला निघाले तेव्हा तू तोच टी-स्क्वेअर मला दिलास. म्हणालास, "घे, नवाच आहे." तो नवाच होता.

दोनशे स्टेपन्या मी एकटीने का तपासल्या, असं साहेबांनी एकदा विचारलं होतं. मी म्हटलं, नमुना पुरेसा हवा म्हणून. प्रत्येक वेळी काटा खाली दिसला की मला बरं वाटायचं. हेही कुणाला सांगितलेलं नाही. लोक स्टेपनी बघत नाहीत, मोठी माणसंसुद्धा बघत नाहीत, हे मला सिद्ध करायचं होतं, आणि ते झालं. आकडे खरे आहेत. ते मी कशासाठी गोळा केले ते मात्र अहवालात नाही.

याला उत्तर द्यायलाच हवं असं नाही. आईचं मात्र कळव.


२० फेब्रुवारी

दादा,

वहिनीचा फोन आला. संभाषण लिहून ठेवते, म्हणजे नंतर वाद नको.

"रविवारी ये म्हणतात. सकाळी सातला निघायचं. आईंची पिशवी भरून झालीय, दोनदा. पहिल्यांदा भरली ती त्यांना आवडली नाही."

"दादा गाडीचं काय म्हणाला?"

"काही नाही म्हणाले. ते पण निघणार आहेत."

"कुठे?"

"तुझ्या मागे."

"म्हणजे?"

"म्हणजे मागे. तू आईंना घेऊन पुढे जायचं, हे दुकानाचा टेम्पो घेऊन मागून येणार. तुझ्या मापाचं चाक भरून ठेवलंय त्यात. मी म्हटलं, अहो, एकशे नव्वद किलोमीटर? तर म्हणे, मग काय झालं, टेम्पोला सवय आहे."

माझ्या पत्रांबद्दल तुम्ही दोघं काही बोललात का, हे मी वहिनीला विचारलं नाही. ती आपण होऊन म्हणाली, "पंधरा तारखेचं पत्र त्यांनी दुकानात वाचलं. घरी आणलं नाही."

शनिवारी संध्याकाळी येते. हवा मोजून येईन. चारही.


२३ फेब्रुवारी

दादा,

आई झोपली आहे, दुपारची. प्रवास बरा सोसला तिला, पाय सुजलेले नाहीत.

काल तू सबंध रस्ताभर मागे होतास, म्हणून गाडीत काय झालं ते तुला माहीत नाही. ते लिहिते.

आई पुढे बसायला तयार झाली नाही. मागे बसली, तीही तिरकी, म्हणजे मागची काच दिसेल अशी. पहिला तासभर दर पाच मिनिटांनी विचारत होती, "आहे का गं तो?"

"आहे."

"हळू चालव, मागे पडेल."

"आई, तो मुद्दाम मागे आहे."

"मुद्दाम कोणी मागे राहतं का? त्याच्या टेम्पोला दम लागत असेल."

गावाबाहेरचा उतार संपल्यावर मधे एक बस घुसली आणि तू दिसेनासा झालास. आईने मला गाडी कडेला घ्यायला लावली. मी म्हटलं, "तो येईल." ती म्हणाली, "तू थांब म्हणजे थांब." तू आलास आणि आम्हाला उभं पाहून टेम्पोतून उडी मारलीस, हातात पाना घेऊन. आईने काच खाली केली आणि म्हणाली, "काही नाही झालेलं. तू दिसत नव्हतास म्हणून थांबलो." तू जे तोंड केलंस ते मला आरशात दिसलं. मला हसू येत होतं, पण तू हसत नव्हतास म्हणून मी आवरलं.

निघाल्यावर आईने काच वर केली. मग म्हणाली, "तुमचे बाबा असते तर म्हणाले असते, दोन गाड्या कशाला, तिघं एका गाडीत मावत नाही का?" थोड्या वेळाने म्हणाली, "मावतो आपण. तुमचंच काहीतरी मावत नाही." मी गियर बदलला. तिथे बदलायची गरज नव्हती.

पेट्रोलपंपावर आई चहा पीत होती तेव्हा तू आणि मी हवेच्या नळीपाशी होतो. तू काय बोललास ते तुला माहीत आहे. तरी मी लिहून काढते आहे, कारण मी ते नीट ऐकलं की नाही याची मला खात्री करून घ्यायची आहे. चुकलं असेल तर दुरुस्तीचा कागद पाठव.

तू उकिडवा बसला होतास आणि एकेका टायरवर तळवा ठेवून तो किती तापलाय ते बघत होतास. माझ्या हातात गेज होतं, ते तू मागितलं नाहीस. टायरकडेच बघत म्हणालास, "लिहिलंस ते वाचलं."

मी "हं" म्हटलं.

"तुझ्यामुळे गेली परीक्षा. नाही म्हणत नाही."

मी पुन्हा "हं" म्हटलं. त्याचा अर्थ तुला लावता आला की नाही, माहीत नाही.

"वही मी त्याच दिवशी बघितली. गेटबाहेर बसलो होतो ना, तू शेंगा खात होतीस, तेव्हा."

"मग 'राहिली' का म्हणालास?"

"काम माझं होतं. तुला सांगितलं म्हणजे माझं संपलं, असं थोडंच असतं?" मग तू पुढच्या चाकापाशी सरकलास. "पण ती परीक्षा दर वर्षी असायची, मोजपट्टी. पुढच्या वर्षी होती, त्याच्या पुढच्या वर्षी होती. बाबांनी फॉर्मसुद्धा आणून ठेवला होता. मी भरला नाही. दुकानात हात बसला होता, लोक नावाने विचारत यायला लागले होते. पुन्हा तो बोर्ड मांडीवर घेऊन बसायचं माझ्या जिवावर आलं. ते काही तुझ्या वहीत नव्हतं."

"हे कधी बोलला नाहीस."

"काय बोलायचं? आधी तू नऊ वर्षांची होतीस, मग इंजिनिअर झालीस. मधे सापडलीसच कुठे?"

आणि मग तू उठलास, पँटला हात पुसलेस आणि ते सांगितलंस, जे मी काल रात्रीपासून पुन्हा पुन्हा मोजून पाहते आहे. "खरं सांगू का? स्टेपनीत हवा नव्हती म्हणून याचं राहिलं, असं आई सगळ्यांना सांगते. मी सांगू देतो. ऐकायला बरं वाटतं. नाहीतर मग सांगावं लागेल, मी भरला नाही फॉर्म."

आईने तिकडून हाक मारली, "चहा गार होतोय, टायर पळून नाही जाणार." आपण गेलो.

पुढच्या पंच्याण्णव किलोमीटरमध्ये मी आरशात तुला किती वेळा पाहिलं ते मोजलं नाही.

घरी पोहोचलो. आईला आत बसवून आपण ते चाक डिकीतल्या खड्ड्यात बसतं का ते पाहिलं. तू फोमचा साचा काढलास, चाक ठेवलंस, डिकीची फळी टाकलीस. फळी वर राहिली. मी म्हटलं, "साडेतीन सेंटिमीटर."

"आधी खड्डा खोल असायचा."

"हो."

"हे पण तूच केलंस?"

"साडेतीन सेंटिमीटर मीच कमी केले."

तेव्हा तू हसलास. खिडकीशी आई आली इतक्या मोठ्याने. म्हणालास, "मुळासकट काढलीस की." मग चाक उचलून टेम्पोत टाकलंस आणि जेवायलाही न थांबता निघालास, कारण सोमवारी दुकान सातला उघडायचं असतं.

प्रवासाची नोंद: अंतर एकशे नव्वद किलोमीटर, पंक्चर शून्य. एका फेरीवरून काही सिद्ध होत नाही.


२७ फेब्रुवारी

दादा,

आईने सांगितलं म्हणून आधी तिचा निरोप. निळी शाल तुमच्याकडे राहिली आहे, ती पाठवू नकोस, तिला इथे घेतलेली आवडली आहे. माझ्या स्वयंपाकघरातले डबे मी उंचीप्रमाणे लावलेले होते, ते मोडून तिने वापराप्रमाणे लावले. मला आता काही सापडत नाही. तिला सगळं सापडतं.

परवा मी साहेबांकडे एक टिपण दिलं. स्टेपनी परत आणा असं त्यात नाही, तसं मला वाटतही नाही. खड्डा पूर्वीइतका खोल ठेवावा आणि गाडी घेणाऱ्याला विचारावं, चाक हवं की बाटली, एवढंच आहे. साहेब म्हणाले, "तुमच्याच अहवालाच्या विरुद्ध?" मी म्हटलं, "पुढचा अहवाल आहे." ते म्हणाले, "आधार काय?" मी म्हटलं, "एकोणसाठ टक्के." होईल की नाही सांगता येत नाही. डिकीच्या पत्र्याच्या साच्याचं सगळं काम पुन्हा करावं लागेल, त्याला ते तयार होणार नाहीत असा माझा अंदाज आहे.

पंपावर तू बोललास त्याबद्दल दुरुस्तीचा कागद आला नाही, तेव्हा मी नीट ऐकलं असं धरते. एवढंच म्हणायचं आहे की बाबांच्या बाबतीतला माझा भाग त्याने कमी होत नाही. त्यांना खरं कळायला हवं होतं आणि ते मी सांगायला हवं होतं. फॉर्मचा भाग तुझा, तो तू घे. हा माझा. मला वाटतं अशी विभागणी बरोबर आहे. आईला मी काल माझा भाग सांगितला. ती भाजी निवडत होती, ती निवडतच राहिली. मग म्हणाली, "चार गोण्या होत्या?" मी हो म्हटलं. म्हणाली, "नऊ वर्षांच्या पोरीच्याने हलल्या असत्या का त्या?" आणि जरा वेळाने, "पण सांगायचं होतंस गं. इतकी वर्षं त्याला बोलले मी." तुझा भाग मी तिला सांगितलेला नाही. तो तुझ्याकडे आहे.

आता गाडी. उद्या शेवटचा दिवस.

तुझं मत तू शेवटपर्यंत सांगितलं नाहीस. निघताना टेम्पोत बसून एवढंच म्हणालास, "गाडी चांगली चालवतेस. ब्रेक जरा उशिरा दाबतेस." पाच दिवस मी दोन्ही बाजू कागदावर मांडल्या. एका बाजूला साडेसतरा किलो, चार मिलिमीटर, शंभरातली सात-आठ. दुसऱ्या बाजूला एकाच कारणाची ओळ होती. मी कधीतरी रस्त्यात उभी राहीन आणि माझ्याजवळ चढवायला काही नसेल. तेव्हा काय करायचं, हे इतकी वर्षं मी आकड्यांना विचारत होते.

गाडी ठेवते आहे. आज दुपारी फॉर्म भरला. नाव, पत्ता, गाडीचा रंग, सगळं छापील आहे, भरायला फारसं काही नव्हतं. मागच्या बाजूला एक रकाना आहे, 'रस्त्यात अडचण आल्यास कोणास कळवावे'. विभागातले बहुतेक लोक तिथे कंपनीच्याच मदतीचा नंबर टाकतात.

मी तुझा टाकला आहे. दुकानाचा नंबर बदलला असशील तर कळव, दुरुस्तीचा कागद जोडता येतो.

मोजपट्टी